कुत्रा एक, कामे चार. आणि नुकसानीचा धनी कोण?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, विजेचे बिल, बियाणे असे विषय पत्रिकेवर असताना आम्ही एका कुत्र्याबद्दल बोलायला उभे राहिलो, म्हणून काहींना हसू येईल. हसा, हरकत नाही. पण ज्वारीच्या कणसात दूध भरले की ज्यांना रोज रात्री जागलीला जावे लागते, त्यांनी हे जरूर ऐकावे. ज्यांनी पेरलेली सरकी सकाळी डुकरांनी उकरलेली पाहिली आहे, आणि डुकरे व रोही यांना कंटाळून ज्यांनी ज्वारी पेरणेच सोडले आहे, त्यांनीही ऐकावे. कुत्रा जर्मनीतला आहे. त्याचे नाव ड्राटहार. 'ड्राट' म्हणजे तार आणि 'हार' म्हणजे केस. अंगावर तारेसारखे राठ केस असलेला कुत्रा. शिकाऱ्याबरोबर शेतात, पाण्यात आणि जंगलात सगळी कामे करणारा. हा कुत्रा आला कुठून हे शोधायला गेले की शेतकऱ्याच्या एका फार जुन्या भांडणाशी येऊन पोचायला होते. ते भांडण आपलेही आहे.

लोढणे कुत्र्याच्या गळ्यात

जर्मनीत शेकडो वर्षे शिकारीचा हक्क राजाचा आणि सरदारांचा होता. हरीण, डुक्कर, ससा सगळे त्यांचे. ती जनावरे चरायची मात्र शेतकऱ्याच्या शेतात. शेतकऱ्याने जनावर मारले तर कडक शिक्षा. सरदाराची स्वारी शिकारीला निघाली की हाका घालायला शेतकऱ्याने जायचे, तेही वेठीने. शेतकऱ्याने राखणीला कुत्रा ठेवला तर अनेक संस्थानांत त्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायची सक्ती होती. आपण ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे अडकवतो, तसेच. कशासाठी? तर कुत्र्याने सरदाराच्या सशामागे धावू नये म्हणून.

1525 साली दक्षिण जर्मनीतले शेतकरी उठले. मेमिंगेन या गावी त्यांनी आपल्या मागण्या बारा कलमांत लिहून काढल्या. त्यातले चौथे कलम शिकारीचे आहे. धनी लोक जनावरे राखतात, ती आमचे पीक खातात आणि आम्ही तोंड दाबून सोसायचे, हे देवाच्या न्यायाला धरून नाही, असा त्याचा मतलब. पाचशे वर्षांपूर्वीचे हे कलम आज आपल्या एखाद्या तालुक्याच्या निवेदनात घातले तर कोणाला जुने वाटणार नाही. ते बंड चिरडले गेले. हजारो शेतकरी मारले गेले. हक्क मिळायला 1848 ची क्रांती उजाडावी लागली, म्हणजे आणखी 323 वर्षे गेली.

1848 मध्ये ठरले की जमीन ज्याची, शिकारीचा हक्क त्याचा. दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारी हक्क गेला, वेठ गेली आणि सरदारांना त्याची भरपाईही दिली नाही. पण तुकडा तुकडा जमिनीवर जो तो बंदूक घेऊन उभा राहिला तेव्हा जनावर झपाट्याने संपू लागले. म्हणून 1850 साली प्रशिया राज्याने कायदा केला. सलग 300 मॉर्गेन, म्हणजे सुमारे 75 हेक्टर, जमीन असेल त्याने स्वतः शिकार करावी. त्याहून कमी असेल त्यांनी गावाचे एकच शिकारक्षेत्र करावे आणि ते खंडाने द्यावे. हाच पाया आज जर्मनीच्या 1952 च्या संघीय शिकार कायद्यात आहे.

एकच कुत्रा का?

आता कुत्रा इथे कसा आला ते पाहा. सरदाराकडे कुत्र्यांचा तांडा असायचा. तित्तिर दाखवायला एक जात, पडलेले पाखरू आणायला दुसरी, जखमी हरणाच्या रक्ताचा माग काढायला तिसरी, डुक्कर उठवायला चौथी. सांभाळायला नोकर. पण 1848 नंतर शिकारीला जो नवा माणूस आला तो गावातला होता. कोणी शेतकरी, कोणी डॉक्टर, कोणी वनरक्षक. त्याला चार कुत्री आणि दोन नोकर कुठून परवडणार? त्याला एकच कुत्रा हवा होता, आणि त्याने सगळे करायला हवे होते. आपल्याकडे एकच बैलजोडी वखराला चालते, तिफणीला चालते, डवऱ्याला चालते आणि बाजाराच्या दिवशी बंडीलाही चालते. प्रत्येक कामाला वेगळी जोडी ठेवणारा कोरडवाहू शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही. गरज तीच, उत्तरही तेच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'हेगेवाल्ड' या टोपणनावाने लिहिणारे बॅरन फॉन झेडलिट्झ यांनी राठ केसांच्या सर्वकामी कुत्र्याचा आग्रह धरला. त्या वेळी राठ केसांच्या तीनचार जाती होत्या. त्या आणि आखूड केसांचा जर्मन पॉइंटर, यांतले कामाला चांगले ते ते नर-मादी निवडून ड्राटहार घडवला गेला. 1902 मध्ये पाळणाऱ्यांनी आपला संघ काढला. त्यांचे ब्रीद थोडक्यात असे: आधी काम, मग रूप. कुत्रा देखणा आहे की नाही हे पुढे पाहू, आधी तो काम करतो का ते दाखवा.

हे काम कसे तपासतात ते बियाण्याने फसलेल्या माणसाने लक्ष देऊन ऐकावे. पिल्लू साधारण वर्षाचे होते त्या वसंतात पहिली परीक्षा. त्यात सशाच्या मागावर ते किती चिकाटीने जाते, नाक कसे आहे, शेत कसे पिंजून काढते, पाखराचा वास लागला की ठाण धरते का, माणसाशी जुळवून घेते का, हे पाहतात. शिकवलेले काय आहे त्यापेक्षा रक्तात काय आहे, याची ही परीक्षा. शरद ऋतूत दुसरी परीक्षा, त्यात पाण्यातले काम येते. पुढे तयार कुत्र्याची मोठी परीक्षा दोन दिवस चालते: शेत, पाणी, जंगल आणि आज्ञापालन. बंदुकीच्या आवाजाला बिचकणारा कुत्रा बाद. खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढतात, सांधा खराब निघाला तर तो वंशवाढीला बाद. केसांची आणि अंगकाठीची तपासणी वेगळी. या सगळ्यातून पार पडलेल्या नर-मादीच्याच पिल्लांना संघाचे कागद मिळतात.

यातले काहीही सरकारी खात्याने केलेले नाही. पाळणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः पाळले आणि शंभराहून जास्त वर्षे टिकवले. बियाण्याच्या पाकिटावर टपोऱ्या बोंडाचे चित्र छापून आपल्याला जे विकले जाते, त्याच्याशी याची तुलना तुम्हीच करा.

चार कामे

पहिले काम शेतातले. कापणी झालेल्या रानात कुत्रा वाऱ्याला तोंड करून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा नागमोडी फिरतो. तित्तिराचा किंवा फेझंट नावाच्या कोंबड्याच्या जातीच्या पाखराचा वास लागला की जागच्या जागी थिजतो. एक पाय उचललेला, नाक पुढे, शेपटी ताठ. भुंकत नाही, झडप घालत नाही. माणूस येईपर्यंत थांबतो. भुकेल्या जनावराचे हे काम नव्हे. पुढे शिकार आहे हे कळत असताना मालकाची वाट पाहणे म्हणजे निम्मे रक्त आणि निम्मी शिकवण.

दुसरे काम पाण्यातले. मारलेले किंवा जखमी झालेले बदक लव्हाळ्यात पडते. थंडीच्या दिवसांत कुत्रा त्या पाण्यात उतरून ते शोधतो आणि न चावता, न फाडता हातात आणून देतो. अंगावरचे राठ केस दोन ते चार सेंटिमीटर लांब, खाली दाट लव. पाणी आत शिरत नाही, काटेही लागत नाहीत.

तिसरे काम जंगलातले, आणि आमच्या मते सर्वांत मोठे. गोळी लागलेले जनावर जागीच पडते असे नाही. डुक्कर जखमी होऊन गचपणात शिरते. त्याला तसेच सोडणे त्या जनावराशी क्रूरपणा आहे आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूने जाणाऱ्या माणसाला धोका. म्हणून शिकारी लगेच मागे धावत नाही. गोळी लागली तिथे केस, हाडाची कपची, रक्त काय सांडले आहे ते पाहतो. जनावराला बसू देतो. मग कुत्र्याला लांब चामडी दोर लावून मागावर घालतो. मोठ्या परीक्षेत यासाठी 400 मीटरचा माग घालतात. त्यासाठी रक्त फक्त पाव लिटर. तो माग रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशीही कुत्र्याला त्यावर सोडण्याची सोय आहे. काही कुत्री मेलेले जनावर सापडले की तिथेच थांबून भुंकतात, काही परत येऊन मालकाला तिथवर नेतात. दोन्ही शिकवाव्या लागतात.

चौथे काम म्हणजे आज्ञा पाळणे. हे दिसत नाही, पण याच्याशिवाय बाकीची तीन फुकट. शेजारी बंदूक वाजली तरी बसलेला कुत्रा उठत नाही. समोरून ससा गेला तरी शिटी ऐकून थांबतो.

डुकरासाठी या कुत्र्यांचा उपयोग कसा होतो तेही सांगतो. तिकडे मक्याच्या शेतात डुकरे आत शिरून राहतात, आपल्याकडे उसात आणि तुरीत राहतात तशी. मका कापणीला आला की शिकारी कडेने जागा धरतात, कुत्री आत जातात. डुक्कर सुळ्याने कुत्र्याचे पोट फाडू शकते, म्हणून कुत्र्याला जाड कापडाचे चिलखत घालतात, तरी जखमा होतातच. डुकराचे कच्चे मांस कुत्र्याला खाऊ देत नाहीत, कारण त्यातून औयेस्की नावाचा रोग होतो आणि कुत्रा वाचत नाही.

या कुत्र्यांचे एक काम शिकारीचे नाही, राखणीचे आहे. गवत कापायच्या आधी त्यात लपलेली हरणाची पाडसे शोधायला नाकाची कुत्री फिरवतात, म्हणजे ती यंत्राखाली येत नाहीत. आता त्या कामाला उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले ड्रोनही वापरतात.

घरात वागवणे

नर खांद्याशी 61 ते 68 सेंटिमीटर उंच. अंगात रग भरपूर. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की नव्या घरी जाते आणि तिथपासून शिकवण सुरू. पूर्ण तयार व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. रोज पळवावे लागते, पोहायला न्यावे लागते. काम नसेल तर तो अंगण उकरतो, चपला फाडतो, शेजाऱ्याच्या कोंबड्या धरतो. म्हणून चांगले पाळणारे लोक शिकार न करणाऱ्याला पिल्लू देण्यास नाखूश असतात. घरातली पोरे त्याच्या अंगावर लोळतात, रात्री तो चुलीपाशी झोपतो. कामाच्या जनावराला मार देऊन काम होत नाही, हे आपल्या बैलवाल्याला सांगायला नको.

आपल्याकडे कुत्री नाहीत असे नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारवानी आहे, मुधोळच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. तो नजरेने शिकार पाहतो आणि वाऱ्यासारखा धावतो. नाकाने माग काढून मालकाची वाट पाहणे हा त्याचा धर्म नव्हे. दोन्ही आपापल्या जागी मोठे. जर्मनीतला राठ केसांचा कुत्रा आणून आपल्या मे महिन्यात बांधा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. आणायचे आहे ते वेगळेच.

नुकसानीचा धनी

जर्मनीच्या कायद्यात रानातले जनावर कोणाच्याच मालकीचे नाही. पण त्याने केलेल्या नुकसानीला मालक आहे. हे वाक्य आपण नीट ध्यानात ठेवावे.

गावातल्या सगळ्या लहान जमीनधारकांची मिळून शिकार-सहकारी संस्था होते. जमीन असली की तो आपोआप सभासद. निर्णयाला दुहेरी बहुमत लागते: हजर सभासदांचे डोकी मोजून बहुमत आणि त्यांच्या जमिनीच्या क्षेत्राचेही बहुमत. म्हणजे मोठा जमीनदार एकटा गाव विकू शकत नाही. संस्था शिकारीचा हक्क खंडाने देते. खंड साधारण नऊ वर्षांचा किंवा जास्त. खंडाचा पैसा संस्थेचा, आणि ज्याला आपला वाटा हातात हवा तो मागू शकतो. डुक्कर, हरीण यांसारखी खुरांची जनावरे, रानससे आणि फेझंट यांनी पीक खाल्ले तर संस्थेने भरपाई द्यायची. प्रत्यक्षात बहुतेक करारांत हा बोजा खंडकऱ्यावर टाकलेला असतो. शेतकऱ्याने नुकसान कळल्यापासून एका आठवड्यात गावच्या कचेरीत कळवायचे. सामोपचाराने मिटले तर ठीक, नाहीतर मूल्यमापन करणारा येतो.

यामुळे काय होते? डुक्कर वाढले तर खंडकऱ्याच्या खिशाला भोक पडते. म्हणून तो रात्री मचाणावर बसतो. जागल करतो तो शिकारी, शेतकरी घरी झोपतो. त्याला बंदुकीचा परवाना मिळण्याआधी शिकाऱ्याची परीक्षा द्यावी लागते. आणि शिकारीला, निदान जखमी जनावराचा माग काढायला, काम जाणणारा कुत्रा उपलब्ध असणे तिथल्या राज्यांच्या कायद्यांनी बंधनकारक केले आहे. कुत्र्याच्या परीक्षांचे मोल इथे कळते.

तिकडे सगळे आलबेल आहे असेही नाही. मका वाढला, थंडी सौम्य झाली, डुकरे बेसुमार वाढली. 2017-18 या एका हंगामात जर्मनीत 8 लाखांवर डुकरे मारली गेली, तरी ती संपलेली नाहीत. खंडकरी भरपाईला मर्यादा घालून घेतात, भांडणे होतात. ज्याला शिकार मुळातच मान्य नाही अशा जमीनमालकाचा प्रश्न युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि 2012 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. त्यानंतर कायद्यात त्याला वाट करून दिली. म्हणजे जनावराची दया असणाऱ्याचेही ऐकले गेले, पण त्यासाठी शेजाऱ्याच्या पिकाचा हिशेब बुडवला गेला नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. मूळ कायद्यात शिकारीच्या परवान्यांची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीने काढली. 2022 च्या दुरुस्तीने रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या परिशिष्टात गेले. पीक नष्ट करणारे जनावर मारण्याची परवानगी 11 व्या कलमात आहे, पण ती अधिकाऱ्याने लेखी द्यायची. केरळने 2022 मध्ये डुकरांबाबत हा अधिकार गावच्या पंचायतप्रमुखांपर्यंत नेला. म्हणजे याच कायद्यात ते करता येते. आपल्याकडे अर्ज टेबलावरून टेबलावर फिरेपर्यंत हंगाम निघून जातो.

आणि आणखी एक. परवानगी घेऊन मारलेले किंवा मेलेले सापडलेले जनावर या कायद्याने सरकारच्या मालकीचे. मेल्यावर सरकारचे. जिवंतपणी त्याने खाल्लेली ज्वारी मात्र शेतकऱ्याच्या नशिबाची. 1525 च्या शेतकऱ्याने चौथे कलम लिहिले ते याच हिशेबावर.

म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. परवानगीवाचून डुकरावर कुत्री सोडणे कायद्याने शिकारच ठरते, गुन्हा दाखल होईल. कुंपणात विजेचा करंट सोडणे तर कोणीही करू नये. त्याने डुक्कर मरते तसा रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो, आपले पोर मरते. चिडलो म्हणून आपण आपल्याच माणसाचा जीव घेऊ नये.

आपल्या मागण्या चार असाव्यात, असे आम्ही या बैठकीपुढे ठेवतो. एक, जनावर राखण्याचा हक्क ज्याचा, नुकसानीची पूर्ण भरपाई त्याची. ती मेहेरबानी नव्हे, देणे आहे, आणि ते ठरलेल्या मुदतीत मिळावे. दोन, पंचनामा गावात, शेतकऱ्यासमोर आणि बाजारभावाने व्हावा. तीन, 11 व्या कलमाची परवानगी केरळप्रमाणे गावपातळीवर मिळावी. चार, हे काम परीक्षा दिलेल्या नेमबाजाने आणि शिकवलेल्या कुत्र्याच्या मदतीने व्हावे, म्हणजे जखमी जनावर तडफडत राहणार नाही. वनखात्यांकडे 2008 पासून वास घेणारी कुत्री आली आहेत, ती तस्कर पकडतात. चोराचा माग काढायला नाक मिळते, तर शेतकऱ्याच्या नुकसानीचा माग काढायलाही मिळायला हवे.

आपले कुणा जनावराशी वैर नाही. पहिले कणीस पाखरांसाठी ठेवणारी आपली जात आहे. पण दान आपण देतो, कर कोणी बसवू नये. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने गेल्या हंगामात कोणाचे किती एकर, कोणते पीक, कोणत्या जनावराने खाल्ले याची यादी करून आणावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लिहिलेली यादी टेबलावर राहते. पुढच्या बैठकीला आपण त्या याद्या घेऊनच बसू.

जय किसान.